न दिसलेल्याची नोंद

दुर्मीळ पक्ष्याच्या शोधात माणूस घर सोडून रानात जातो, दोन-चार दिवस पायपीट करतो आणि पुष्कळदा तसाच परत येतो. परत आल्यावर त्याने लोकांना काय सांगावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. दिसला तर दिसला म्हणावे, नाही तर नाही म्हणावे. त्यात विचार करण्याजोगे काय आहे? निवृत्तीनंतर पक्षिनिरीक्षणाचा छंद लागेपर्यंत आमचेही मत असेच होते. आज ते तसे राहिलेले नाही. हा बदल कसा झाला ते सांगताना आमची स्वतःची एक चूक सांगावी लागणार आहे. परंतु तिच्यापर्यंत येण्याआधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे.

आमची नोकरी महसूल खात्यात आणि बहुतांशी आदिलाबाद जिल्ह्यातच झाली. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे विदर्भ. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, जुन्या दप्तरांत उर्दू आणि उटनूरकडच्या गावांत गोंडी. या सर्व भाषांच्या लोकांना एक शब्द मात्र सारखाच कळे : पहाणी. पीक उभे असताना बांधावर जायचे, कोणत्या सर्व्हे नंबरात काय पेरले आहे आणि जमीन प्रत्यक्षात कोण कसतो आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि मग पत्रकात लिहायचे, ही पहाणी. १९५४-५५ सालच्या खासरा पहाणीचा उतारा पुढे कित्येक दशके न्यायालयांत पुरावा म्हणून मांडला जात आला. कोणी एका कर्मचाऱ्याने त्या वर्षी ऊन-पावसात चालून केलेल्या नोंदीवर त्याच्या नातवंडांच्या वयाच्या लोकांचे हक्क ठरले.

परंतु बांधावर न जाता चावडीत बसून लिहिलेली पहाणीही आम्ही पाहिली आहे. दोन्हींत अक्षर सारखेच, शाई सारखीच, शिक्काही सारखाच. एका प्रकरणात पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्या एका कोलाम कुटुंबाचे नाव कोणत्याच वर्षीच्या पत्रकात नव्हते. त्यांच्या शेतापर्यंत गाडीरस्ता नव्हता, एवढेच त्याचे कारण. रकाना मात्र कोरा नव्हता. त्यात शेजारच्या शेतकऱ्याचे नाव होते. कोरा रकाना निदान चौकशीला वाव ठेवतो. खोटा भरलेला रकाना चौकशीच बंद करून टाकतो. हा धडा आम्हांला कचेरीत मिळाला होता. तो रानात उपयोगी पडायला हवा होता, पडला नाही.

आता पक्ष्याकडे वळू. पिंगळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. गावातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत तो राहतो आणि तिन्हीसांजेला कलकलाट करतो. पहाटे दारी येऊन शकुन सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही मराठीत पिंगळाच म्हणतात. या पिंगळ्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांना दिसला नव्हता. १८७२ मध्ये ब्लेविट यांना तो आजच्या छत्तीसगडच्या भागात प्रथम मिळाला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे, तेच हे ह्यूम. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्ष्याची खात्रीलायक नोंदच मिळेना. अखेर १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तीन अमेरिकन अभ्यासक, पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोधून निराश झाल्यावर, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि तेथे भर दिवसा त्यांना रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती. पुढे तो मेळघाटात, मध्य प्रदेशात, गुजरातेतील डांगात आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला.

मग मधल्या काळात कोणी शोधले नव्हते काय? शोधले होते, पण भलत्या ठिकाणीही शोधले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळवल्याची चिठ्ठी त्याला बांधलेली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून नंतरच्या शोधकांनी मांडवीच्या बाजूला शोध घेतला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो पक्षी डेव्हिडसननेच खानदेशात मिळवलेल्या नमुन्यांपैकी एक होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. म्हणजे पक्षी खरा, पण पहाणी चावडीत बसून लिहिलेली. १९९७ च्या मोहिमेने ती चिठ्ठी विचारात घेतली नाही, म्हणूनच ती योग्य जागी पोहोचू शकली.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आम्हांला त्या अधिकाऱ्याचा संताप आला होता. एवढा मोठा संग्राहक, त्याला चोरीची गरज काय, असे वाटले होते. आज तो प्रश्न आम्ही इतक्या सहजपणे विचारू शकत नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही आणि आमचे एक स्नेही, जे निवृत्त शिक्षक आहेत, उटनूरच्या बाजूच्या सागवानात हिंडत होतो. सागाची पाने गळली होती. सकाळचे दहा वाजले असतील. एका उघड्या फांदीवर पिंगळ्याएवढा, पण अंगाने जरा थोराड वाटणारा पक्षी बसलेला आम्हांला दिसला. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात; रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ ठिपक्यांविना असतो. सारा निर्णय माथ्यावर होता. दोन मिनिटांत पक्षी उडाला. गुरुजी मागे होते, त्यांना तो दिसलाच नाही. आमच्या जिल्ह्यात रानपिंगळा असल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते, त्यामुळे छाती धडधडत होती. तेथेच बसून आम्ही वहीत लिहिले : “माथा उन्हाच्या तिरिपेमुळे नीट दिसला नाही. रानपिंगळा?”

वहीतले ते प्रश्नचिन्ह आदिलाबादला पोहोचेपर्यंत गळू लागले. संध्याकाळी चहाच्या वेळी आम्ही “बहुधा” म्हणालो. आठवड्याने एका स्नेह्याला “जवळजवळ खात्री आहे” असे सांगितले. महिन्याभरात एका लहानशा सभेत आम्ही चक्क “पाहिला” असे म्हटले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणत्या क्षणी आम्ही खोटे बोललो, हे आजही नेमके बोट ठेवून सांगता येत नाही. प्रत्येक पायरी इतकी उथळ होती की उतरत असल्याचे जाणवले नाही.

ती वार्ता नांदेडच्या एका तरुणाच्या कानी गेली. बँकेत नोकरी करणारा हा मुलगा तीन दिवसांची रजा काढून, दोन मित्रांना घेऊन किनवटमार्गे रेल्वेने आला. तिघांनी त्या सागवानात तीन दिवस घालवले. रानपिंगळा काही दिसला नाही. परतताना तो आमच्या घरी आला आणि अगदी आदराने म्हणाला, “काका, माथा तुम्ही स्वतः पाहिला होता ना?” आम्ही “हो” म्हणालो. हे मात्र स्वच्छ खोटे होते. यासाठी उन्हाची तिरीप कारण देता येत नाही.

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. झाडावरच्या पक्ष्यावर नेम धरलेल्या युधिष्ठिराला झाडही दिसते, भाऊही दिसतात, गुरूही दिसतात; तो नापास होतो. अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीच दिसत नाही. तो उत्तीर्ण होतो. बाण मारायचा असेल तर ही परीक्षा योग्यच आहे. परंतु साक्ष द्यायची असेल तर? साक्षीदाराला झाड दिसले पाहिजे, ऊन कोणत्या बाजूने येत होते ते दिसले पाहिजे, आपल्या छातीची धडधडही जाणवली पाहिजे. आम्ही त्या सकाळी अर्जुनाच्या नजरेने पाहिले, आणि जे हवे होते तेच आम्हांला दिसले. मात्र युधिष्ठिराची नजर असली म्हणजे सारे साधले, असेही नाही. सगळे पाहणाऱ्या त्याच युधिष्ठिराने पुढे “नरो वा कुंजरो वा” केले. नीट पाहणे आणि पाहिले तसे सांगणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. एकीत उतरलेला दुसरीत उतरेलच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, यात कोणाचे काय बिघडले? एका तरुणाचे तीन दिवस गेले, पण ते रानातच गेले ना? आमच्याही मनाने हा युक्तिवाद काही दिवस केला. त्याचे उत्तर मांडवीच्या चिठ्ठीत आहे. शोधणाऱ्यांची संख्या, वेळ आणि पैसा मोजका असतो. खोट्या नोंदीने ते सारे एका जागी ओढले जाते, आणि जेथे पक्षी खरोखर तग धरून असतो ती जागा तेवढा काळ दुर्लक्षित राहते. दुर्मीळ जीवाच्या बाबतीत तेवढा काळही महाग पडू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे कोठे आहे हे जाणकार निरीक्षक सर्वांना सांगत नाहीत, कारण गर्दीने पक्षी घरटे सोडतो. मग सत्याचा एवढा आग्रह कशाला? परंतु मौन आणि असत्य एक नव्हे. कचेरीत गोपनीय कागद असतात. ते कपाटात ठेवण्याचा अधिकार असतो, त्यांतला मजकूर बदलण्याचा नसतो.

आपल्या मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’ हे एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तेथे घडा नाही हे ज्ञान होते. मात्र त्यांनी एक अट घातली आहे : घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही याला काही अर्थ नाही. पक्षिनिरीक्षकाला यापेक्षा चांगला नियम कोणी दिलेला नाही. “दिसला नाही” हे वाक्य ज्ञान ठरायचे असेल तर कोठे, किती वेळ, कशा उजेडात शोधले हे त्याबरोबर यावे लागते. तसे आले तर न दिसलेल्याची नोंद ही दिसलेल्याच्या नोंदीइतकीच मोलाची होते.

आमच्या जिल्ह्यात याचे एक कष्टदायक उदाहरण आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावराभोवती गिधाडांचा घोळका हे रोजचे दृश्य होते. पुढे भारतीय उपखंडातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण आमच्या गावावरून शेवटचे गिधाड कोणत्या वर्षी उडाले? पैशापासून पिकापर्यंत सर्व गोष्टींची नोंद ठेवणाऱ्या आमच्या हातांनी ते कधी टिपले नाही. बेज्जूरच्या जंगलातील पालारापूच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडे घरटी करीत असल्याचे गेल्या दशकात उजेडात आले, तेव्हा आम्हीही दुर्बीण घेऊन ती पाहायला गेलो. जे पक्षी एकेकाळी डोक्यावरून जात असताना मान वर केली नाही, ते दुर्मीळ झाल्यावर पाहायला शंभर किलोमीटरहून दूर जावे लागले.

चार महिन्यांनी, एका पावसाळी दुपारी, ती जुनी वही चाळताना आमचेच प्रश्नचिन्ह आमच्यापुढे आले. त्याच संध्याकाळी आम्ही नांदेडला पत्र लिहिले. माथा पाहिला नव्हता, पक्षी बहुधा साधा पिंगळाच असावा, आणि तुम्ही थेट विचारल्यावरही आम्ही खोटे सांगितले, असे त्यात होते. सभेत ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाही पुढच्या बैठकीत हे सांगितले. तेथे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले.

मुलाचे उत्तर आठ दिवसांनी आले. त्यात रागाचा शब्द नव्हता, तसेच “काही हरकत नाही” असेही नव्हते. सोबत त्याने तीन दिवसांच्या नोंदींची प्रत पाठवली होती : रोज किती वाजता निघाले, कोणत्या ओढ्याने चालले, ढग होते की ऊन, कोणते पक्षी किती दिसले. खाली वेगळी ओळ होती : “रानपिंगळा – तीन दिवस, एकूण २१ तास शोध. दिसला नाही.” आणि शेवटी लिहिले होते, “काका, तुमच्या पत्रामुळे ही ओळ आता उपयोगाची झाली. तुमची नोंद खरी धरली असती तर आमचेच शोधणे कमी पडले, असे ठरले असते.”

ते कागद आम्ही आमच्या वहीत त्या फेब्रुवारीच्या पानाशेजारी लावून ठेवले आहेत. आम्ही अजूनही सागाची पाने गळली की उटनूरकडे जातो. गुरुजी बरोबर असतात. परत आल्यावर लोक विचारतात, “काय, दिसला का?” आम्ही नाही म्हणतो, आणि कोणी पुढे विचारलेच, तर किती तास शोधले तेही सांगतो.