निरंक

सरकारी कागदावरचा मला सगळ्यात धोकादायक वाटणारा शब्द म्हणजे 'निरंक'. कुठल्याही तक्त्यात सांगण्यासारखं काही नसलं, की रकान्यात तो लिहून टाकतात. वाचणाऱ्याला त्यावरून एकच कळतं, की इथे काही नाही. पण 'शोधलं आणि सापडलं नाही' आणि 'शोधलंच नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्या एका शब्दात मावतात.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. डेटाबेसमध्ये आम्ही शून्य आणि 'नल' वेगळे ठेवतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलेलंच नाही. नलला शून्य धरून सरासरी काढली तर स्क्रीनवर कुठलाही एरर येत नाही, उत्तर मात्र चुकतं. जे कधी पाहिलंच नाही, त्याला 'नाही' म्हणायचा हक्क आपल्याला आहे का? हा प्रश्न मला नीट समजला तो एका कोळ्यामुळे.

1971 पर्यंत हवाई बेटांच्या गुहांसमोर जगाने जणू 'निरंक' लिहून ठेवलं होतं. गुहेतल्या अंधाराला सरावलेले आंधळे जीव थंड प्रदेशांतल्या, चुनखडीच्या जुन्या गुहांमध्येच मिळायचे, असा समज होता. उष्ण प्रदेशातलं, समुद्रातून उगवलेलं, लाव्हाचं तरुण बेट? तिथे काय असणार! त्या वर्षी फ्रँक हॉवर्थ हा तरुण कीटकशास्त्रज्ञ तिथल्या लाव्हाच्या बोगद्यांत उतरला आणि त्याला एकामागून एक असे जीव दिसत गेले. काउआई बेटावर एक कोळी मिळाला. 1973मध्ये त्याचं नामकरण झालं: अ‍ॅडेलोकोसा अ‍ॅनॉप्स.

हा लांडगा कोळ्यांच्या कुळातला. आपल्या भातखाचरात जाळं न विणता पळत शिकार करणारे कोळी याच कुळातले. रात्री टॉर्च मारला तर त्यांचे डोळे चमकतात, कारण या कुळाची ओळखच मोठ्या डोळ्यांची. काउआईच्या या भावंडाला मात्र डोळेच नाहीत. तोही जाळं विणत नाही. पायांना जे जाणवतं त्याच्या भरवशावर अंधारात चालत शिकार करतो. मादी पंधरा ते तीस अंडी घालते. वरच्या जगातल्या लांडगा कोळ्यांची अंडी शंभराच्या पुढे जातात. ही मादी अंड्यांची पिशवी जबड्यात धरून फिरते आणि पिल्लं निघाली की त्यांना पाठीवर घेते.

खायला काय? मुख्यतः झिंग्यांच्या नात्यातला एक छोटा जीव, तोही आंधळाच. तो जीव जगतो कुजक्या मुळांवर आणि पाल्यावर. मुळं येतात वरच्या झाडांची, छतातल्या फटींतून. म्हणजे वरचं झाड तोडलं, जमीन फरशीने झाकली, पाणी झिरपायचं थांबलं, की खाली अंधारात उपासमार सुरू. आणि वर आहे कोलोआ. 1835पासून तिथे उसाची शेती होती. आता त्या भागात हॉटेलं आणि गोल्फची मैदानं आहेत. हा कोळी तिथल्या मोजक्या गुहांमध्येच उरला आहे. 2000 साली अमेरिकेने त्याला आणि त्याच्या भक्ष्याला, दोघांनाही संकटग्रस्त जाहीर केलं.

आता शहापूर-मुरबाडकडे या. आपल्या पायाखालचा कातळही लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बोअर मारताना फट लागली तर पाणी, नाहीतर नुसती धूळ, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्या फटींत आंधळा कोळी बसलाय, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की आपले रकाने बदलतात. 2021मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जगासमोर आली. 26/11ला कसाबला धरून ठेवताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिला 'आयसियस तुकारामी' हे नाव मिळालं. तो कोळी 2020मध्येही होताच. निरंक होता तो आपला कागद.

आणि आपण घाईत आहोत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025मध्ये खुला झाला. इगतपुरी-कसाऱ्याजवळ त्यासाठी जवळपास आठ किलोमीटरचा जोडबोगदा डोंगरातून काढला आहे. रस्त्याच्या कडेला फार्महाउसच्या प्लॉटचे बोर्ड तर मोजवत नाहीत.

हे सगळं मी मुरबाडच्या आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या विहिरीत एप्रिलात कोणी डोकावतं का रे? आणि तू कोळ्याचे डोळे मोजत बस."

तिचा मुद्दा खोडण्यासारखा नाही. तानसा धरण 1892चं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तहानलेली बाई आणि कोळी यांतलं एकच निवडायचं असेल तर मी बाईला निवडीन, क्षणभरही न थांबता. पण कोलोआत कोळ्यासमोर हंडा घेतलेली बाई उभी नव्हती, गोल्फचं मैदान होतं. इथेही बहुतेक वेळा समोर प्लॉटच असतो, आणि तो विहिरीचाही विचार करत नाही. आत्याची तक्रारही तीच आहे: कोणी डोकावत नाही.

यावर आपल्याकडे एक जुनी रीत आहे. इथल्या आदिवासी पाड्यांच्या शिवेवर वाघोबा असतो. वाघ दिसो न दिसो, वाघबारशीला त्याला त्याचा मान मिळतो. न दिसणाऱ्याची जागा हिशेबात धरलेली असते. मात्र वाघ भीती घालतो, म्हणून ते सोपं जातं. कोळी ना भीती घालतो, ना उपयोगी पडतो, ना आपल्याकडे बघतो. अशा जिवाला जागा ठेवणं हीच नैतिकतेची खरी परीक्षा, असं मला वाटतं.

त्यासाठी कोळ्यावर प्रेम करायची गरज नाही. मागणी त्याहून साधी आहे. जे परत आणता येणार नाही ते फोडण्याआधी, बुजवण्याआधी, कोणीतरी टॉर्च घेऊन आत जावं. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. खर्च फोडणाऱ्याने करावा, आणि काय दिसलं ते गावाला मराठीत वाचून दाखवावं. कदाचित काहीच सापडणार नाही. तेव्हा 'निरंक' खुशाल लिहावं. तोवर त्या रकान्यात 'पाहिलेले नाही' असं लिहावं, आणि खाली सही करावी.