त्यांना उडवण्यात काय बिघडले?

गेल्या फेब्रुवारीत आपल्या झोनची सहल ठाणे खाडीतील रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला गेली होती. हेंद्रेपाड्यातून आम्ही बावीस जण निघालो. बदलापूरहून ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोली. ऐरोलीला वन खात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. भरती-ओहोटीची वेळ पाहून तिथून होड्या सुटतात. डब्यात कोणी काय आणले होते आणि अंताक्षरीत कोण जिंकले, हे सर्व आतापर्यंत तुम्ही ऐकलेच असेल. मला सांगायची आहेत ती होडीतली पाच मिनिटे, आणि तेव्हापासून मनात घर करून राहिलेला एक प्रश्न.

खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी आहे. त्यांची मुळे चिखलातून बोटबोट वर आलेली असतात, श्वास घेण्यासाठी. पाणी कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, कारण ती सीमा दिवसातून दोनदा सरकते. पाणी ओसरू लागले की चिखल उघडा पडतो आणि पक्षी खायला उतरतात. फार ओसरले तर होडी रुतते. त्यामुळे नावाड्याला नेमका मधला वेळ साधावा लागतो.

दुरून आधी एक गुलाबी रेघ दिसली. जवळ गेल्यावर रेघेचे पक्षी झाले. माना खाली, चोची उलट्या करून पाण्यात. नावाड्याने इंजिन बंद केले आणि होडी तिथेच थांबवली. मी मोबाईल काढला. फोटोत नुसत्या पाठी येत होत्या. मी म्हणालो, "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना. एकदा सगळे उडू देत, मस्त फोटो येईल." मागे कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"उडवायचं नाही साहेब," तो म्हणाला, "जेवतायत ती."

मला लाज वाटली, आणि खरे सांगतो, रागही आला. तिकीट काढून आलो होतो. एवढे काय मोठे मागितले? कोणी त्यांना मारत नव्हते, पकडत नव्हते. उडतील आणि पुन्हा बसतील. यात बिघडले काय?

नंतर थोडी माहिती काढली. हा पक्षी खातो ते डोळ्यांना न दिसणारे शेवाळ. चोचीने पाणी गाळून गाळून त्याला तासन् तास खावे लागते. बगळ्यासारखा तो जागच्या जागी उडत नाही, आधी पाण्यावर धावत जावे लागते. म्हणजे आपल्या एका फोटोसाठी त्याने केलेली कमाई त्यालाच खर्चावी लागते. आणि 'एकदाच' मागणारा मी एकटा नाही. प्रत्येक होडीत एक जण 'एकदाच' म्हणणारा असतोच.

पण हा झाला हिशेब. समजा वर्षातून एकच होडी येत असती आणि तिच्यात मीच असतो, तर मला त्यांना उडवण्याची मुभा होती का? मला वाटते, नव्हती. का नव्हती, ते शोधताना मला अनुवाद या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातला एक छोटा नियम आठवला. वाटेत पाखराचे घरटे दिसले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असेल, तर पिले घेतली तरी चालतील, पण आईला सोडून द्यायचे. पिले नेण्याची परवानगी आज आपल्याला कठोर वाटेल. आश्चर्य पुढे आहे. हा नियम पाळणाऱ्याला भले होण्याचे आणि दीर्घायुष्याचे वचन दिले आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेसोबत दिलेले तेच वचन! एका पाखराला सोडून देण्यासाठी एवढे मोठे बक्षीस कशाला?

माझी समजूत अशी. एरवी रानातले पाखरू आपल्या हाती येत नाही. ही आई हाती येते ती केवळ पिलांना सोडून तिच्याने उडवत नाही म्हणून. तिची माया हाच तिचा सापळा होतो. तिला धरणारा माणूस तिच्या मायेचा फायदा उठवतो, आणि नेमके तेच करू नकोस असे त्याला सांगितले आहे. खाडीतले पक्षी आम्हाला इतके जवळून दिसले तेही ती भुकेली होती म्हणून. भुकेने त्यांना जागेवर धरून ठेवले होते. मी त्या भुकेचाच खेळ करायला निघालो होतो.

परतीच्या गाडीत मी हे बोलून दाखवले, तेव्हा आपल्या झोनमधले एक वडीलधारे काका उसळले. "तुझी पाखरं राहू दे. माझ्या नातवाला लग्नासाठी भाड्याची खोली मिळेना, आणि यांना किती जागा दिलीय म्हणालास?"

"१,६९० हेक्टर, काका."

"बघ!"

हा प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. दुष्काळात गाव सोडून पोटासाठी इथे आलेल्या माणसाला तो विचारण्याचा हक्क आहे. खाडीचा हा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आला. त्याआधी २००५ साली उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी केली आणि २०१८ मध्ये ती कायम केली. एवढे कायदे झाले नसते तर ती जागा काकांच्या नातवाला मिळाली असती का? भराव टाकून उभ्या राहिलेल्या टॉवरांत आपल्यापैकी किती जण राहतात, ते आपण जाणतोच.

पण मी काकांना वेगळेच विचारले. "काका, आपली बिल्डिंग झाली त्याआधी तिथे काय होतं?"

"काही नाही. पडीक जमीन."

मलाही फ्लॅट घेताना हेच सांगितले होते. पडीक. २६ जुलै २००५ ला कळले की ती पडीक नव्हती. २७ जुलै २०१९ ला पुन्हा कळले. त्या दिवशी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, आणि आपल्याकडे तळमजल्यावरच्या लोकांनी गहू-तांदूळ, गाद्या, मुलांची पुस्तके सगळे फेकून दिले. २०२१ च्या जुलैत परत तेच. उल्हास नदी ती जागा वापरतच होती, फक्त वर्षातले काही दिवस. आपण रोज वापरत नाही तेवढ्यावरून एखाद्या जागेला रिकामी म्हणतो.

काका बराच वेळ बाहेर बघत राहिले. अंबरनाथ गेल्यावर म्हणाले, "म्हणजे आपणच नदीच्या घरात बसलोय. मग आता जायचं कुठं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. हप्ते फिटायचे आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिखाण खोटे ठरेल. ती खाडी म्हणजे एदेन बाग नव्हे. पाण्याला वास येतो, तिवरांच्या मुळांत प्लास्टिक अडकलेले असते. जाणकार सांगतात की रोहितांचे खाणे असलेले ते शेवाळ शहरांच्या सांडपाण्यामुळे इतके माजते, आणि पक्ष्यांची संख्या इथे लाखावर गेली त्याला हेही एक कारण आहे. आपल्या घाणीवर ती पाखरे जेवतात. यात देवाची करुणा पाहायची की आपल्याला दिलेला इशारा, हे मला ठरवता आलेले नाही. त्याच घाणीने खाडीतली मासळी रोडावली, आणि त्याची झळ कोळ्यांना बसली. मे २०२४ मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून एका रात्रीत ३९ रोहित मेले. तेव्हा कोणालाच त्यांना उडवायचे नव्हते.

त्या होडीतले शेवटचे सांगायचे राहिले. नावाड्याने नाही म्हटल्यावर आम्ही गप्प बसलो, काही जण रुसूनच. इंजिन बंद होते. हळूहळू आवाज ऐकू येऊ लागला. बदकांच्या कलकलाटासारखा, पण खालच्या सुरातला, शेकडो चोचींचा. टाळ्या वाजवणारा मुलगा पुढे येऊन माझ्या शेजारी बसला आणि त्याने मोबाईल खिशात ठेवला. दहा मिनिटे असतील. काही पक्षी चरत चरत आपणहून आमच्याकडे सरकले, इतके की त्यांचे लाल डोळे दिसले. मग पाणी आणखी उतरले, आणि नावाड्याने बांबूने रेटून होडी मागे घेतली.