फॉन्ट बसवण्याच्या चार ओळी

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. शेजारच्याच बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी घडवली. २०१७ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरमानकात तिला जागा मिळाली. पुढे नोटो या मुक्त फॉन्टमालिकेत तिचा फॉन्टही आला. तो कुणीही फुकट घ्यावा, वाटावा, हवा तर बदलावा.

एवढे होऊनही गोंदिया जिल्ह्यातल्याच देवरीतल्या एखाद्या संगणकावर ती अक्षरे उमटणार की नुसते चौकोन दिसणार, हे फॉन्ट कसा बसवायचा ते सांगणाऱ्या चार ओळींवर ठरते. आणि नेमक्या याच ओळी घाईत लिहिल्या जातात. ‘फाइल डाउनलोड करा, इन्स्टॉल करा’, झाले!

डाउनलोड होते ती झिप फाइल. ती एक्स्ट्रॅक्ट न करता नुसती उघडली, तर विंडोजवर आतल्या फॉन्टवर राइट क्लिक करूनही ‘इन्स्टॉल’ सापडत नाही. हे एका वाक्यात सांगता येते. खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे अनेकांचा हात कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर बसलेला. तिथे फॉन्ट निवडला की इंग्रजीच्याच कळांमधून देवनागरी उमटते. युनिकोडचे तसे नाही. इथे फॉन्ट अक्षराला फक्त रूप देतो. टाइप करायला त्या लिपीचा कीबोर्ड वेगळा बसवावा लागतो. कृतिदेवच्या सवयीचा माणूस नवा फॉन्ट निवडतो, कळ दाबतो आणि इंग्रजी अक्षर आलेले पाहून फॉन्टच खराब आहे असे समजतो. त्याचे काहीही चुकलेले नसते. सूचना लिहिणाऱ्याने कृतिदेव कधी वापरलेला नसतो, म्हणून ही शंका त्याच्या मनातच येत नाही. नुसती सोपी भाषा इथे पुरत नाही. वाचणारा कोणत्या सवयी घेऊन आला आहे, हे आधी माहीत हवे.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची पद्धत मला म्हणूनच मोलाची वाटते. लिनक्स, लिबरऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे त्यांचे पाठ मराठीतही आहेत. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणती आवृत्ती, हे पाठाच्या सुरुवातीलाच सांगतात. आणि संहिता ध्वनिमुद्रणाआधी तज्ज्ञाप्रमाणेच एका नवख्याकडूनही तपासून घेतात.

गोंदियात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींनो, गोंडी फॉन्टसाठी असे एक पान मराठीत लिहा, जमल्यास गोंडीतही. बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवा. प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवे ते सांगा. वर्ड आधीपासून उघडे असेल तर बंद करून पुन्हा उघडायला सांगा. शेवटी गोंडी लिपीतली एक ओळ द्या, म्हणजे चौकोन गेले की नाही हे वाचणाऱ्याला स्वतःच पडताळता येईल. मग ते पान सालेकशाच्या एखाद्या शिक्षकाच्या हाती द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे एक वाक्य वाढवा.