वाटणं आणि वाढणं

गारगोटीच्या एसटी स्टँडवर रात्री साडेनऊनंतर फारसं कुणी नसतं. चहाचा गाडा झाकलेला असतो आणि डिसेंबरातला गारठा फलाटाच्या फरशीतून अंगात चढतो. मध्यंतरी पाहुण्यांना सोडायला गेलो होतो, तेव्हा दोन पोरं मोटारसायकलवरून आली. हँडलला पिशवी, पिशवीत मसालेभाताची पाकिटं. कोपऱ्यात पोतं अंथरून एक म्हातारी बसली होती. एकानं तिच्यापुढं पाकीट ठेवलं, हात जोडले आणि तो पुढच्या माणसाकडं वळला. तिनं पाकीट उघडलं, वास घेतला आणि पुन्हा गुंडाळून बाजूला सारलं.

"बघ की, खाईना. पैसं पायजे असतील," पहिला म्हणाला. दुसरा मात्र तिच्यासमोर उकिडवा बसला. "का खाईना आज्जी?" बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "दात न्हाईत रं बाळा. आन् तिकट सोसत न्हाई."

भात चांगला होता. गरम होता, तूप सोडलेलं होतं. फक्त तो शिजवताना ही आज्जी कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हती.

मराठीत जेवण देण्याची दोन क्रियापदं आहेत, वाटणं आणि वाढणं. वाटणाऱ्याची नजर ढिगाकडं असते. किती उरलं, किती जणांना पुरेल, याचा हिशेब तो करत असतो. वाढणाऱ्याची नजर पानाकडं असते. पंगतीत मुरलेला वाढपी आठवून पाहा. कुणाचा भात संपला, कुणी भाजीला हात लावला नाही, कुठल्या आजोबांना आमटी पातळ हवी, हे त्याला न सांगता कळतं. तो आग्रह करतो आणि पानावर आडवा हात आला की थांबतोही. आईनं जेवण वाटलं, असं आपण कधी म्हणत नाही. फ्लेक्सवर मात्र 'भव्य अन्नवाटप' असतं.

हे लिहिताना मी कुठल्या उंच ओट्यावर बसलेलो नाही. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका वाढदिवसाला आम्ही पन्नास पाकिटं बांधून घेतली आणि कोल्हापुरात तासाभरात वाटून मोकळे झालो. कुणाचं नाव विचारलं नाही, सोबत पाणी नेलं नाही. परतताना त्याच रस्त्यावर दोन पाकिटं फुटलेली दिसली, कुत्री चाटत होती. 'यांना किंमतच नाही' असं मी गाडीत म्हणालो. किंमत कुणाला नव्हती, हे त्या आज्जीचं बोलणं ऐकेपर्यंत मला उमगलं नव्हतं.

वाटपाला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. वेळ आली की वाटावंच लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या गावागावांत चुली पेटल्या आणि भाकऱ्यांच्या चळती गाडीत भरून पूरग्रस्तांकडं गेल्या. कोण कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. पण त्याच पुरात जुन्या कपड्यांचे ढीग छावण्यांच्या दारात भिजत पडलेलेही आपण पाहिले. भाकरी पूरग्रस्ताच्या भुकेकडं बघून निघाली होती, तर कपडे आपल्या कपाटातली अडगळ बघून. शिवाय पूरग्रस्ताला गाव होतं. पाणी उतरलं की तो घराकडं निघाला. स्टँडवरच्या माणसाचं पाणी उतरतच नाही.

१३ ते २० डिसेंबर हा आठवडा गारगोटीत तसाही विचार करायला लावणारा. १३ डिसेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी सात जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मारकापुढं आपण दरवर्षी मान लववतो. त्यानंतर सातच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली बाबा गेले ते मागं पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणच्या धर्मशाळा ठेवून. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा, ही बाबांच्या दशसूत्रीतली दोन कलमं आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. पण बाबांची रीत आपण विसरतो. ते गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. ज्यांच्यासाठी धर्मशाळा बांधायची, त्यांच्यात ते आयुष्यभर वावरले होते. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा मिळतो. परगावाहून उपचाराला आलेल्या माणसाची रात्र फुटपाथवर जाते, हे दिसल्याशिवाय असं काही सुचत नाही.

अहिल्यानगरच्या डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचीही सुरुवात डब्यानंच झाली. रस्त्याकडेला, माणसानं तोंडात घालू नये असं काही खाणारा एक मनोरुग्ण त्यांना दिसला. त्यांनी आपला डबा त्याला दिला. पुढं घरी स्वयंपाक करून अशा माणसांना ते रोज जेवण पोचवू लागले. रोज तेच चेहरे दिसायला लागले की प्रश्न वाढतात. ही बाई रात्री कुठं झोपते? हिच्या जखमेला कोण बघतं? हिच्यावर अत्याचार झाला तर ती कुणाला सांगणार? त्या प्रश्नांतूनच शिंगव्यात बेघर, मनोरुग्ण स्त्रियांसाठी 'माउली' ही संस्था उभी राहिली. एकदाच पाकीट देऊन परत फिरले असते तर हे प्रश्न त्यांच्या वाट्याला आलेच नसते.

डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवाणी यांची गोष्टही अशीच. मुंबईत रस्त्याकडेला एक तरुण करवंटीनं गटाराचं पाणी पिताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं आणि उपचार केले. तो बरा होऊन बोलू लागला तेव्हा पदवीधर निघाला. आंध्र प्रदेशातल्या त्याच्या घरच्यांना कळवलं गेलं. १९८८ मध्ये त्यांनी 'श्रद्धा' संस्था काढली, तिचं काम पुढं कर्जतला रुजलं. अशा हजारो हरवलेल्या माणसांना तिनं घरी पोचवलं, आणि २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवाणींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण ज्याला 'वेडा' म्हणून वळसा घालतो, त्याच्या घरी एखादी आई अजून दाराकडं बघत असते.

"पण आम्ही डॉक्टर नाही, आश्रम काढायची ऐपत नाही. आम्ही काय करणार?" गावातला कार्यकर्ता हे विचारणार, आणि त्याचं बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये जे निवारे सांगितले, त्यांचा हिशेब शहरी लोकसंख्येच्या लाखामागे एक असा आहे. त्या भागाकारात गारगोटीसारखं तालुक्याचं गाव बसत नाही. म्हणजे इथं निवारा नाही, पण स्टँड आहे, देवळाचा मंडप आहे आणि बंद दुकानांच्या पायऱ्या आहेत.

तरीही करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला पैशांपेक्षा चकरा जास्त लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० सांगतं, की भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाइकांचा शोधही घ्यावा लागतो. हे कलम एका कागदावर लिहून खिशात ठेवलं आणि ठाणे अंमलदारापुढं नम्रपणे ठेवलं, तरी एखाद्याचं आयुष्य वळू शकतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. संजय गांधी निराधार योजना आहे, पण तिला रहिवासी दाखला लागतो. ज्याला राहायलाच जागा नाही त्याला रहिवासी दाखला कोण देणार? इथंच सोबत लागते. तहसील कचेरीच्या पायऱ्या निराधार माणसाबरोबर चार वेळा चढणारा कार्यकर्ता माझ्या लेखी वाढपीच आहे.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. वेदगंगेच्या काठानं वर गेलं की पाटगाव लागतं. तिथं मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, असं आपण मुलांना सांगतो. त्या न बोलणाऱ्या माणसाचं नाव आपण गारगोटीच्या विद्यापीठाला दिलं. शांत बसलेल्या माणसाजवळ काही मोलाचं असू शकतं, ही जाण या तालुक्याच्या रक्तात असायला हवी. पण स्टँडवरचा माणूस गप्प राहिला की आपण त्याला बधीर समजतो आणि बोलला की डोक्यावर बसला म्हणतो.

आज्जीचं पुढं काय झालं? फार काही नाही. दुसऱ्या दिवशी तो उकिडवा बसलेला पोरगा घरून भाकरी आमटीत कुस्करून घेऊन गेला. पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं एका गावाचं नाव घेतलं, निपाणीकडचं. तिथं फोनाफोनी चालू आहे. कुणी सापडेलच, सापडलेला माणूस तिला घरात घेईलच, असं नाही. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की ती अजून पोतं घट्ट धरून बसते.

परवा तो मला बाजारात भेटला. मी विचारायच्या आधीच हसत म्हणाला, "सर, काल आज्जीनं शिव्या घातल्या. म्हणाली, आमटीत मीठ न्हाई, आन् परवा का आला न्हाईस?"

वाटपाच्या पाकिटाबद्दल तक्रार करता येत नाही. मीठ कमी आहे, हे माणूस हक्काच्या पानावरच म्हणतो.