चाल, वेग आणि आपली दिशा



आपल्या मुलांच्या इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे. रोजच्या बोलण्यात आपण चाल आणि वेग यांत फरक करीत नाही; विज्ञान मात्र करते. एकक काळात कापलेले अंतर म्हणजे चाल. एकक काळात झालेले विस्थापन, म्हणजे ठरावीक दिशेने झालेला स्थानातील बदल, हा वेग. चालीला दिशा नसते. वेग दिशेवाचून सांगताच येत नाही.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. जालन्याहून नागपूरला निघालेला मनुष्य चुकून मुंबईकडच्या रस्त्याला लागला, तरी गाडीचा काटा ताशी १०० किलोमीटरच दाखवील. काटा केवळ चाल मोजतो. गाडी जितकी जोरात धावेल, तितके नागपूर दूर जाईल.

आपल्या संसारातही असे काटे आहेत: मुलांचे गुण, दुकानाची उलाढाल, घराचे मजले. आकडे वाढतात आणि आपण समाधान मानतो. पण ती कमाई हलाल आहे काय, ते शिक्षण मुलाला नम्र करीत आहे की उद्दाम, हे त्या आकड्यांत दिसत नाही.

सूरह अल-बकराच्या १४८व्या आयतीचा आशय असा, की प्रत्येकाची एक दिशा असते. तेव्हा भलाईच्या कामांत तुम्ही एकमेकांच्या पुढे जा. क्रम ध्यानात घ्यावा. आधी दिशा, मग त्वरा.

मात्र नुसती दिशाही पुरेशी नाही. नागपूरकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीचा वेग शून्यच असतो. जालन्याहून किब्ला पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे आहे. आपण दिवसातून पाच वेळा तिकडे तोंड करतो. पण सलाम फेरल्यावर शेजारच्या अनाथाच्या दाराकडे पाऊलच वळले नाही, तर? त्याच सूरहची १७७वी आयत बजावते, की केवळ पूर्वेस वा पश्चिमेस तोंड करणे ही नेकी नव्हे. श्रद्धा, गरजूंना दिलेले धन आणि पाळलेले वचन ही नेकी होय.

येथे कोणी विचारील: जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला जाऊन, रुग्णाची विचारपूस करून मी घरी परतलो. विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. मग ती फेरी वाया गेली काय? मुळीच नाही. विज्ञान शरीराचे स्थान मोजते, आणि ते अचूक मोजते. कर्माचे मोल मात्र नीयतीवर ठरते. तुम्ही त्याच उंबरठ्यावर परतलात, पण एका दुःखी जीवाच्या जवळ जाऊन आलात.

म्हणून आज झोपण्यापूर्वी ‘मी किती धावलो’ एवढेच विचारू नका. ‘मी कोणत्या दिशेने धावलो’ हेही स्वतःस विचारा. चूक आढळली, तर तौबाचे वळण अद्याप मोकळे आहे.