नाळेची साक्ष

‘त्याची नाळ इथेच पुरली आहे,’ असे आपण एखाद्याच्या जन्मगावाविषयी बोलतो. मूल जन्मले, नाळ कापली, तिचे काम संपले, असेच आपण मानत आलो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या टाकून दिलेल्या नाळेने वैद्यकशास्त्राला जे शिकवले, त्यातून आपल्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो.

नाळेत दोन रोहिण्या व एक नीला असते. नीलेतून वारेकडून आलेले प्राणवायुयुक्त रक्त बाळाकडे जाते. या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. १९७३ साली अमेरिकेत एरिक जाफी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाळेच्या नीलेतील या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बाळ सुखरूप जन्मल्यावर उरलेल्या नाळेतून त्या मिळतात. त्यासाठी कोणत्याही जिवाला इजा करावी लागत नाही. जन्मसमयी नाळेतील रक्तातून मूळ पेशी घेण्यास ख्रिस्तसभेनेही २००८ च्या ‘डिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजात याच कारणाने मान्यता दिली आहे.

या पेशींनी काय दाखविले? एरवी हे अस्तर गुळगुळीत असते व रक्त त्यावरून विनासायास वाहते. शरीरात दाह उत्पन्न झाल्याचा रासायनिक निरोप पोचला की अवघ्या काही तासांत या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू आणतात. वाहत्या रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे अडकतात व भिंतीतून पलीकडे शिरतात. रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. हे शरीराचे संरक्षणच होय; पण ते लांबले तर त्यातूनच हानी होते.

आई व बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही; मध्ये वारेचा पडदा असतो. तरीही गर्भाशयात जंतुसंसर्ग पसरला तर बाळाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी नाळेच्या भिंतीत शिरलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ज्याने अद्याप पहिला श्वास घेतलेला नाही, तो जीव आपल्यापरीने झुंजत असतो. या झुंजीत कधी तो अकाली जन्मतो, कधी त्याच्या फुप्फुसांना वा मेंदूला इजा होते. पडद्यापलीकडे जंतूच पोचतात असेही नाही. २०१९ साली बेल्जियममधील संशोधकांना वारेच्या बाळाकडील बाजूस काजळीचे कण सापडले. आईने श्वासातून घेतलेला धूर तिथवर गेला होता.

आता आपल्या जवळच्या भिवंडीकडे पाहू. यंत्रमागांच्या या गावात उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली कुटुंबे गाळ्यांना लागून असलेल्या खोल्यांतून राहतात. हवेत सुताची धूळ, सायझिंगच्या बॉयलरचा धूर, रात्रंदिवस मागांचा खडखडाट. दिवस गेलेली स्त्री घरी कांड्या भरते. अंगात ताप असला तरी उठते, कारण बसली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातील प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली; पण घरी बसून नगावर काम करणाऱ्या या स्त्रीला रजा देणारा मालक कोण?

अशा घरी मूल अशक्त किंवा दिवस भरण्याआधी जन्मले की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो: काय खाल्लेस? काय उचललेस? नाळेचे हे नवे ज्ञान तिच्यावर भिरकावण्यासाठी आणखी एक दगड ठरू नये, अशी भीती मला वाटते. धूर तिने निर्माण केलेला नाही. ताप अंगावर काढणे ही तिची निवड नव्हती. नाळ साक्ष देते ती आईविरुद्ध नव्हे. आईभोवती आपण जे जग उभारले, त्याविषयी ती बोलते. त्या मागांवरचे स्वस्त कापड आपल्याही अंगावर आहे.

गर्भातील जीव पवित्र आहे, असे आपण ठामपणे सांगतो, आणि ते योग्यच आहे. मात्र गर्भपाताला विरोध केला की आपले कर्तव्य संपले काय? त्या जिवाला आपण पोचू शकतो ते त्याच्या आईमार्फतच. तिच्या तापाची वेळेवर तपासणी, लघवीच्या संसर्गावर उपचार, धुरापासून सुटका, बुडालेल्या मजुरीची भरपाई, दोन प्रहर विश्रांती, या साध्या गोष्टींतच त्या पावित्र्याचा मान राखला जातो. आपल्या धर्मग्रामातही अशा माता आहेत. त्यांच्या दारी आपण किती वेळा गेलो?

लूकलिखित शुभवर्तमानात पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातील एलिझाबेथकडे जाते, तेव्हा उदरातील बाळ उडी मारते. तो प्रसंग आपण भक्तिभावाने आठवतो. त्यानंतरची एक छोटी नोंद मात्र सहज नजरेतून सुटते: मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. अभिवादन क्षणभराचे होते, सोबत तीन महिन्यांची. न जन्मलेल्या बाळाविषयीचा आदर असा त्याच्या आईच्या घरी जाऊन राहतो.