बातमीची शहानिशा आणि शाळेचा वर्ग

मुलांना बातम्यांपासून दूर ठेवावे, असा सल्ला हल्ली आपल्या घरांतून वारंवार ऐकू येतो. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रोजची बातमी भीती घालणारी असते, पुष्कळदा आपल्याच समाजाविषयी असते. कोवळ्या मनावर हे ओझे कशाला, असे आईवडिलांना वाटते. शिक्षकांनाही वादाचा विषय वर्गात नको असतो. मग घर गप्प राहते, शाळा गप्प राहते आणि बोलत राहतो तो फक्त मोबाईल. बातमी मुलांपर्यंत पोहोचतेच. ती हाताळायला त्यांना कोणी शिकवायचे, एवढेच ठरवणे आपल्या हाती उरले आहे.

चालू घडामोडी हा ‘दुनियादारीचा’ विषय आहे, त्याचा दीनी तालीमशी काय संबंध, असेही काही जण विचारतात. त्यांनी सूरह रूमचा आरंभ पाहावा. मक्केत मूठभर मुस्लिम छळ सोसत होते, त्याच काळात इराणी फौजांनी रोमनांना शामच्या भूमीत हरवले. 614 मध्ये जेरुसलेमही घेतले. शेकडो कोसांवरच्या या युद्धाची चर्चा मक्केत रंगली. कुरैशांना इराण्यांच्या विजयाचा आनंद झाला, तर मुस्लिमांची सहानुभूती ग्रंथधारक रोमनांकडे होती. दिव्य कुरआनने ही बातमी टाळली नाही. रोमन हरले आहेत, परंतु काही वर्षांतच ते पुन्हा विजयी होतील, असे त्याने सांगितले. पुढे हेराक्लियसने बाजी उलटवली आणि 627 मध्ये निनेवेजवळ इराण्यांचा निर्णायक पराभव केला. ज्यांच्या स्वतःच्या जिवाची शाश्वती नव्हती, त्या लोकांना जगाच्या घडामोडींकडे पाहायला शिकवले गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

परंतु पाहणे म्हणजे ऐकले ते खरे मानणे नव्हे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत ईमानधारकांना आदेश आहे की, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा कराल आणि मागाहून पस्तावाल. या आयतीचा जो प्रसंग मुफस्सिर सांगतात, तो मुलांना आवर्जून सांगण्याजोगा आहे. बनू मुस्तलिक या कबिल्याकडे जकात वसुलीला गेलेला माणूस वाटेतूनच परतला आणि ते लोक जकात नाकारून माझ्या जिवावर उठले आहेत, असे त्याने सांगितले. मदीनेत लढाईची भाषा सुरू झाली. प्रत्यक्षात ते लोक त्याच्या स्वागतासाठी गावाबाहेर आले होते! समोरचा जमाव चुकीचा वाचला गेला आणि एक कबिला नष्ट होता होता वाचला.

आपल्या भागात प्रत्येक वेळी असे वाचणे नशिबी आले नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन दंगल उसळली आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याआधी जून महिन्यात कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले होते. मजकूर कोणी लिहिला, खरोखर त्यानेच लिहिला का, एकाच्या कृत्याचा जाब दुसऱ्याला का विचारायचा, हे प्रश्न साधे आहेत. ते विचारण्याची सवय मात्र गर्दीत लागत नाही. ती त्याआधी, थंड डोक्याने, बाकावर बसून लावावी लागते. म्हणून मी शाळेचे नाव घेतो. मशिदीतील खुतबा फक्त आपल्या मुलांपर्यंत जातो. शाळेच्या एका बाकावर आपले आणि शेजाऱ्याचे मूल सोबत बसलेले असते.

सुरुवात जवळच्या बातमीने करावी. आमचा शिराळा तालुका वारणेच्या काठचा. 2019 आणि 2021 चे महापूर मुलांच्या घरांतून अजून बोलले जातात. पावसाळ्यात चांदोली धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हे रोज जाहीर होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी. म्हणजे दहा हजार क्युसेक विसर्गात सेकंदाला जवळजवळ 2 लाख 80 हजार लिटर पाणी नदीत उतरते. हे गणित ज्याला येते तो आकडा पाहून आवराआवर करतो. ज्याला येत नाही त्याला ‘धरण फुटले’ एवढेच ऐकू येते.

शिराळ्याच्या नागपंचमीचेही तसेच. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो, पण इथे तो दारात उभा आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांची प्रथा थांबली. 2025 मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक हेतूने 21 नाग पकडण्याची परवानगी दिली. ‘बंदी उठली’ आणि ‘शैक्षणिक हेतूने मर्यादित परवानगी मिळाली’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे आठवीच्या मुलाला सहज उमगेल. शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. तो आपण अदबीने आणि अचूक समजून घेतला पाहिजे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. वर्गात एखादेच मुस्लिम मूल असते आणि बातमी निघाली की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. शिक्षकच एका बाजूचा असेल तर तो तास त्या मुलाला शिक्षेसारखा वाटेल. हा धोका मी कमी लेखत नाही. पण माना आजही वळतात, फक्त मधल्या सुट्टीत, जिथे कोणी मोठे माणूस नसते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चालू घडामोडींच्या ज्ञानाचा उल्लेख केलेला आहे. तेव्हा हा तास कसा घेतला जातो, कोणत्या बातम्या निवडल्या जातात, हे पालकसभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. (आपली मंडळी शिष्यवृत्तीची चौकशी करून उठतात, हीच अडचण!)

आमच्या मकतबमध्ये आठवड्यातून एकदा मुले फळ्यावर एक बातमी लिहितात आणि हदीसच्या सनदीप्रमाणे तिच्याखाली नावे मांडतात: मला कोणी सांगितले, त्याला कोणी, आणि प्रत्यक्ष पाहिले कोणी. बहुतेक वेळा साखळी तिसऱ्या नावाशी तुटते. मग मुले आपसांत वाद घालू लागतात आणि मगरिबची अजान होईपर्यंत कोणी उठत नाही.